अडीचकी, गुंठा आणि चटई क्षेत्र

मराठी मुलखात मुलांना प्रमाणाचे गणित शिकवले ते बाजाराने, आणि क्षेत्रफळाचे शिकवले ते महसुलाने. पहिले पंतोजींच्या शाळेत पाठांतरातून आले, दुसरे मोजणीच्या काठीने आणि साखळीने आणले. प्राथमिक शाळेच्या एकाच पुस्तकात ही दोन्ही प्रकरणे शेजारी येऊन बसली ती बरीच उशिरा. व्यवहारातली उदाहरणे घालून गणित शिकवावे, हा विचार आज नवा म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात या प्रांतात गणिताची सुरुवातच व्यवहारातून झाली.

त्रैराशिकाची रीत भारतीय गणितात आर्यभटापासून आहे. तीन राशी माहीत असतात: प्रमाण, फल आणि इच्छा; चौथी, म्हणजे इच्छाफल, काढायची. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त या रीतीला मोठा मान दिला. सृष्टीला जसा विष्णू तसे सगळ्या गणिताला त्रैराशिक व्यापून आहे, असा त्यांचा अभिप्राय. त्यांची उदाहरणे सरळ बाजारातली आहेत. अडीच पळे केशराला निष्काचे तीन सप्तमांश पडतात, तर नऊ निष्कांना केशर किती? उत्तर साडेबावन्न पळे. तांदूळ-मूग, कापूर, व्याज, मजुरी असे सगळे व्यवहार त्यात येतात. व्यस्त त्रैराशिकाच्या उदाहरणात तर वयानुसार उतरणारी माणसांची विक्रीची किंमत आहे. व्यवहारातले गणित आपल्या काळाचा बाजार जसाच्या तसा पुस्तकात आणते, त्यातले न शोभणारेही.

क्षेत्रफळाबद्दल भास्कराचार्य अधिक कडक आहेत. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते मूर्ख ठरवतात, कारण त्याच चार बाजूंचे अनेक चौकोन होतात. कर्ण किंवा लंब दिल्याशिवाय उत्तर ठरत नाही. परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखे, असे पाचवी-सहावीतल्या पुष्कळ मुलांना आजही वाटते. आठशे वर्षांपूर्वीचा तो राग शिक्षकांना ओळखीचा वाटावा.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याचा शिलालेख १२०७ च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेखाच्या शेवटच्या मराठी भागात बाजारातल्या मालावरचे आणि मापावरचे हक्क मठाला लावून दिले आहेत. गणिताच्या पाठशाळेचा खर्च मापाच्या उत्पन्नातून चालावा, ही व्यवस्था तरी हिशेबी म्हटली पाहिजे.

संस्कृत ग्रंथांतले गणित थोड्यांपुरते होते. गावच्या मुलांचे गणित पंतोजींच्या शाळेत, धूळपाटीवर आणि उजळणीत घडे. साध्या पाढ्यांच्या जोडीला अपूर्णांकांचे पाढे असत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी परवचा म्हणताना मूल ‘सात अडीच साडेसतरा’ डोळे मिटून म्हणत असे. या पाठांतराची पुढे बरीच थट्टा झाली. पण त्यातला अडीचकीचा पाढा का होता, हे पाहिले तर थट्टा थांबते.

मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून मणाला जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ बारा आण्यांचा, पाच शेर दीड रुपयाचा आणि सव्वा शेर सहा आण्यांचा. गुणाकार नाही, भागाकार नाही, पाटी नाही. मुलाने त्रैराशिक हा शब्द ऐकलेलाही नसेल, पण एक राशी दुप्पट झाली की दुसरी दुप्पट, एक निम्मी झाली की दुसरीही निम्मी, हे नाते त्याच्या जिभेवर बसलेले असे. धान्याची मापेही याच रीतीला धरून होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. दुप्पट-निमपट हातानेच व्हायची.

उणीवही याच ठिकाणी होती. गुरुकिल्ली पाठ असे, पण ती का चालते, हे कुणी विचारत नसे. चाळीस आणि सोळा या आकड्यांना धक्का लागला की सगळी उजळणी निरुपयोगी ठरणार होती, आणि पुढे तसेच झाले. शिवाय हे शिक्षण ज्यांच्या घरी हिशेब लागे त्यांच्या मुलांचे होते. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या शाळांत जवळजवळ नव्हतीच.

जमिनीचे माप या शाळांच्या बाहेरचे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या धाऱ्यासाठी पाच हात पाच मुठींची काठी धरली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. बिघ्यात चारशे चौरस काठ्या आणि वीस पांड. ही गणिते कुळकर्ण्याच्या दप्तरात राहिली. शेतकऱ्याला आपल्या शेताचे बिघे ठाऊक असत. ते कसे आले हे ठाऊक असायला हवे, असे कुणाला वाटत नव्हते.

इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्याची मोजणी प्रिंगल यांनी केली, ती फसली. मग १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती मुंबई इलाख्यात पक्की केली. मोजणीदारांच्या हाती आली ती शंकू-साखळी. तिची लांबी तेहतीस फूट आणि भाग सोळा. प्रत्येक भागाला नाव आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळ्यांचा साखळ्यांशी गुणाकार केला की थेट गुंठे हाती येतात, फुटांत शिरायची गरज नाही. चाळीस आणि सोळा हे बाजारातले दोन आकडे जमिनीवरही असे उतरले.

साखळीबरोबर प्रतवारी आली. जमिनीच्या खोलीप्रमाणे आणि पोताप्रमाणे नऊ प्रती पाडल्या; उत्तम प्रत सोळा आणे, शेवटची दोन आणे. समजा सोळा आणे जमिनीचा आकार, म्हणजे सारा, एकरी दीड रुपया आहे आणि शेत आठ एकर, दहा आणे प्रतीचे आहे. आकार येतो आठ गुणिले दीड गुणिले दहा भागिले सोळा, म्हणजे साडेसात रुपये. पाच राशींवरून सहावी काढायची, म्हणजे हे पंचराशिक झाले. क्षेत्रफळ आणि प्रमाण एकाच उदाहरणात भेटण्याची ही अस्सल मराठी जागा होती. उदाहरण खरे, आकडे घरातले, चुकले तर बापाच्या खिशाला चाट. शाळेने मात्र ते तलाठ्यासाठी सोडून दिले.

शाळेची वाट वेगळी पडली होती. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने इंग्रजी ग्रंथांवरून मराठीत गणित आणि भूमितीची पुस्तके तयार केली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांनी शालेय अंकगणित लिहिले. शिक्षण खाते आले, क्रमिक पुस्तके आली. क्षेत्रफळ आता लांबी गुणिले रुंदी या सूत्राने शिकवले जाऊ लागले आणि त्रैराशिकाच्या जागी हळूहळू एकमान रीत रुळली: आधी एकाची किंमत काढा, मग हव्या तितक्यांची. एकमान रीत समजायला सोपी, यात वाद नाही. पण अडीचकी जाणणाऱ्या मुलाला एका शेराची किंमत काढावीच लागत नव्हती. तो राशींच्या पटीवरून उत्तर गाठत असे, आणि पटीवरून विचार करणे हाच प्रमाणाचा गाभा आहे.

स्वातंत्र्यानंतर दशमान आले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी १९५६ चा वजने-मापे कायदा झाला आणि १९५८ पासून किलोग्रॅम-मीटर टप्प्याटप्प्याने लागू झाले. बदलाच्या काळात गंमत घडली. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. त्या बेताचे नाणेच नव्हते, म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ नवे पैसे धरले. एकेका आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४, एकदम घेतली तर २५. प्रमाण म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण, कारण इथे प्रमाण मोडलेले दिसते.

दशमानाने हिशेब खरोखर सोपा केला आणि पावकी-अडीचकी घरांतून दोन पिढ्यांत गेली. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली. तिच्या पुस्तकांत पुढे सगळे मीटर, लीटर आणि चौरस सेंटिमीटरमध्ये आले. शेतीचा सातबारा हेक्टर-आरमध्ये आला. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा भरतो १०१.१७. फरक इतका थोडा की बोलताना लोक दोन्ही एकच धरतात, आणि विक्री गुंठ्यावरच चालते.

पिंपरी-चिंचवडमध्ये मापांचा हा गुंता फार दाट झाला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-पिंपरीची शेते कारखान्यांचे भूखंड बनली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका. ज्या गावांत बिघे आणि गुंठे मोजले जात तिथे चौरस मीटरचे नकाशे आणि चौरस फुटांचे भाव आले. संत तुकाराम नगर हे याच पट्ट्यातले: म्हाडाच्या इमारती, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, शेजारी वल्लभनगरचे एसटी आगार, आणि ६ मार्च २०२२ पासून मेट्रोचे स्थानक. ज्या तुकोबांचे नाव वस्तीला आहे त्यांचे घर देहूतले महाजन, दुकानदारी करणारे. तराजू तिथे पिढीजात होता.

अशा वस्तीतल्या मुलाच्या घरी प्रमाण दोन वाटांनी येते. एक वाट कारखान्याची. लेथवर आटे पाडायचे तर लीड स्क्रूचा पिच आणि जॉबचा पिच यांचे गुणोत्तर गिअरच्या दातांत उतरवावे लागते. लीड स्क्रू ६ मिलिमीटरचा आणि आटे दीड मिलिमीटरचे हवेत, तर गुणोत्तर एकास चार. चालवणारा गिअर २० दातांचा आणि चालणारा ८० दातांचा. आयटीआयमध्ये हे शिकलेले आईबाप इथे घरोघरी आहेत, आणि ही भास्कराचार्यांचीच रीत आहे.

दुसरी वाट घराची. रेरा कायदा २०१६ चा. त्याने सदनिका चटई क्षेत्रावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, विकायचे बंधन घातले. त्याआधी ५०० चौरस फुटांच्या घरावर तीस टक्के चढवून ६५० चा भाव लावणे बाजारात सर्रास चाले. हे टक्केवारीचे गणित आहे, आणि मुलाच्या आईबापांनी त्यावर कर्ज काढलेले असते. फरशीचे उदाहरण त्याहून बोलके. दहा बाय बाराच्या खोलीला एक फुटी फरशा १२० लागतात. दोन फुटी लावल्या तर किती? वर्गातली बरीच मुले झटकन ६० म्हणतात. उत्तर ३० आहे. बाजू दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. ६६ फूट बाजूच्या चौरसात चार गुंठे येतात ते याच कारणाने. प्रमाण शिकलेले मूल क्षेत्रफळात नेमके इथे फसते, कारण आधीच्या प्रकरणात त्याला दुप्पटीला दुप्पट इतकेच सांगितलेले असते. दोन प्रकरणे वेगळी ठेवण्याची जुनी खोड इथे भोवते.

मुले बाजारात जे करतात ते वर्गात का करू शकत नाहीत, याचा गाजलेला अभ्यास ब्राझीलच्या रेसिफे शहरात झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच मुले होती, रस्त्यावर नारळ-फळे विकणारी. विक्रीच्या ओघातले त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले; तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्के. शाब्दिक उदाहरणांत ती ७४ टक्क्यांवर राहिली. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने धारावीतल्या मुलांच्या कामधंद्यातल्या मापांचा आणि हिशेबांचा अभ्यास केला आहे. पंतोजींच्या शाळेने नकळत जे साधले होते ते या अभ्यासांनी नीट दाखवून दिले. खरी वस्तू, ओळखीचे माप आणि उत्तराची गरज असली की मूल पटींत विचार करते.

बालभारतीच्या सध्याच्या मांडणीत परिमिती आणि क्षेत्रफळ पाचवीत येते, गुणोत्तर-प्रमाण आणि एकमान पद्धत सहावीत, समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण सातवीत. २०१६-१७ मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीत नेली गेली, तिथेही ही उदाहरणे हटकून असत. पुस्तकातली उदाहरणे व्यवहारातलीच आहेत: वह्या, पेन, बाग, कुंपण. ती कुठल्याही गावाला चालतात, आणि हाच त्यांचा दोष. संत तुकाराम नगरातल्या मुलाच्या घरी सातबाऱ्यावर आर आहे, मामाच्या प्लॉटला गुंठा, करारनाम्यात चौरस मीटर आणि दलालाच्या तोंडी चौरस फूट. चार मापे, आणि त्यांच्यातली प्रत्येक अदलाबदल एक त्रैराशिक आहे. पाठ्यपुस्तकात त्यांतले मुख्यतः चौरस मीटरच येते. उरलेली वर्गात आणणे अजून शिक्षकाच्या मर्जीवर आहे.