शाबूत फायली, हरवलेली अक्षरे

मराठी मुद्रणाच्या इतिहासात शिळाप्रेसला आणि खिळ्यांना मानाचे स्थान आहे. संगणकीय टंकांची कथा मात्र त्यात अजून नीटशी आलेली नाही, असे आम्हास वाटते. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा संकेत प्रमाण ठरवला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीतही देवनागरी होती. तरीही पुढे बरीच वर्षे आम्ही मराठी लिहिणारे कंपन्यांच्या खासगी टंकांतच लिहीत राहिलो. त्यांतली युक्ती साधी होती. रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचा एखादा तुकडा, म्हणजे काना, वेलांटी, अर्धा ‘त’, बसवायचा. संगणकाच्या लेखी ते रोमनच! शिवाय प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा. एकीचा मजकूर दुसरीच्या टंकात उघडला की अगम्य चिन्हांची रांग उमटे. (मोडी वाचणारा निदान शोधून तरी सापडतो.) ‘विंडोज २०००’मध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाली, पण पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरे जुळवता येत नसल्याने छापखाने जुन्या टंकांनाच धरून राहिले.

माहितीच्या सुरक्षेची चर्चा आपण बहुधा चोरीच्या भयाने करतो. येथे चोर कोणीच नव्हता. त्या काळातले लेख, प्रबंध फायलींत शाबूत असतात, आणि तो विशिष्ट टंक वा परिवर्तक हाताशी नसला की आम्ही छापील प्रत शोधत ग्रंथालयाची पायरी चढतो.