रेंजसाठी जुनं .22 पिस्तूल: चकाकी नव्हे, चेंबर आणि मॅगझिन बघा

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत नव्या मालाशेजारी वापरलेल्या पिस्तुलांचाही एक कप्पा असतो. त्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची .22 कॅलिबरची पिस्तुलं हमखास दिसतात. शूटिंग रेंजवर कागदी टार्गेटवर सराव करायचा आणि खर्च आटोक्यात ठेवायचा, एवढाच हेतू असलेले नेमबाज ती आवर्जून घेतात. पण एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांच्या किमतीत बराच फरक असतो, आणि महागडं असेल तेच नेमबाजीला चांगलं असं मात्र नसतं. असं का होतं आणि निवड करताना नेमकं काय बघतात?

.22 च का?

एनसीसी केलेल्यांना 'पॉइंट टू टू' रायफल आठवत असेल. तिच्यातलं .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून वापरात आहे आणि पिस्तुलातही तेच चालतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तोही .22 पिस्तुलाचाच प्रकार आहे.

या काडतुसाचा धक्का कमी, आवाज तुलनेने कमी आणि किंमतही कमी. रेंजवरच्या सरावात हाच मुद्दा मोठा ठरतो. आठवड्याला 200 गोळ्या झाडणारा माणूस वर्षातले 50 आठवडे रेंजवर गेला, तर 10,000 गोळ्या होतात. एका गोळीमागे फक्त एका सेंटचा फरक पडला, तरी वर्षाला 100 डॉलर जास्त जातात. म्हणजे पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, काडतुसं मात्र कायम घ्यावी लागतात.

म्हणूनच .25 आणि .32 कॅलिबरची छोटी जुनी पिस्तुलं स्वस्त दिसली तरी रेंजसाठी सहसा फायद्याची ठरत नाहीत. त्यांची काडतुसं .22 पेक्षा अनेक पट महाग असतात. शिवाय त्यातली बरीच खिशात बाळगण्यासाठी बनलेली असल्याने नळी आखूड आणि नेम धरायची माशी अगदी बारीक असते. 1970 च्या दशकापासून अमेरिकेत जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त .25 पिस्तुलंही मोठ्या संख्येने बनली. हजारो गोळ्यांच्या सरावासाठी ती बनलेलीच नव्हती.

बाजारात दिसणारी तीन नावं

रुगर स्टँडर्ड: विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी 1949 मध्ये हे पिस्तूल कनेक्टिकट राज्यातून बाजारात आणलं. किंमत होती 37.50 डॉलर. पत्र्याचे दोन साचेबंद भाग वेल्डिंगने जोडून त्याची मूठ बनवल्यामुळे ते स्वस्त पडलं. 1982 मध्ये त्याच्या जागी 'मार्क टू' आलं. या मालिकेतली पिस्तुलं कंपनी अजूनही बनवते, त्यामुळे जुन्या मॉडेलचे सुटे भाग आणि मॅगझिन मिळणं तुलनेने सोपं जातं. याची एक अडचण प्रसिद्ध आहे: साफसफाईसाठी उघडलं की पुन्हा जोडताना नवख्या माणसाला घाम फुटतो.

कोल्ट वुड्समन: जॉन ब्राउनिंग यांची रचना. उत्पादन 1915 ते 1977. देखणं, नेमाला उत्तम, पण संग्राहकांची मागणी असल्याने रुगरपेक्षा महाग. 1932 च्या आधीची पिस्तुलं साध्या वेगाच्या काडतुसांसाठी बनलेली होती. त्यात आजची 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसं वापरल्यास पिस्तुलाचं नुकसान होतं. त्यामुळे सीरियल नंबरवरून उत्पादनाचं वर्ष काढल्याशिवाय हे पिस्तूल घेऊ नये.

हाय स्टँडर्ड: हेही कनेक्टिकटचंच. स्पर्धेतल्या नेमबाजांमध्ये याला मान होता. मूळ कंपनी 1984 मध्ये बंद पडली. हे पिस्तूल मॅगझिनच्या बाबतीत नाजूक समजलं जातं. मॅगझिनच्या वरच्या कडा जराशा वाकल्या की काडतूस अडकायला लागतं.

तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. गोळी सुटताना यांची नळी जागची हलत नाही, फक्त बोल्ट किंवा स्लाइड मागे जाते. जुनं असूनही नेम चांगला लागतो, त्याचं हे एक महत्त्वाचं कारण.

संग्राहकाला नको ते नेमबाजाला चालतं

किमतीतल्या फरकाचं उत्तर इथे आहे. जुन्या पिस्तुलाची किंमत मोठ्या प्रमाणात संग्राहक ठरवतात. त्यांना मूळ निळसर मुलामा, मूळ मूठ, मूळ खोका हवा असतो. कोणी पिस्तुलाला नव्याने मुलामा दिला, मूठ बदलली किंवा जास्त चांगली माशी बसवण्यासाठी भोक पाडलं, की त्यांच्या लेखी त्याची किंमत घसरते. गोळी मात्र मुलाम्यावर अवलंबून नसते. त्यामुळे बाहेरून झिजलेलं पण आतून ठणठणीत पिस्तूल हाच रेंजसाठी खरा फायद्याचा सौदा.

याची दुसरी बाजूही आहे. नव्या मुलाम्याखाली गंजाचे खड्डे लपवलेले असू शकतात. कडा गोलसर झाल्या असतील, कोरलेली अक्षरं पुसट दिसत असतील, तर पिस्तूल घासून पॉलिश केलेलं आहे असं समजावं आणि आतली तपासणी दुप्पट काळजीने करावी.

हातात घेतल्यावर काय तपासायचं?

आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं. विक्रेत्याने 'रिकामंच आहे' असं सांगितलं तरीही. त्यानंतर:

चेंबरची कड: .22 काडतुसाला पेटवणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवर आदळते. काही पिस्तुलांत काडतूस नसताना चाप ओढला की ही पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खाच पडते. खाच खोल असेल तर काडतूस आत जाताना किंवा रिकामी पुंगळी बाहेर येताना अडकते. रुगरमध्ये हे टाळायला एक छोटी आडवी पिन असते. जोडताना ती बसवायची राहिली, तर चेंबरचं नुकसान होतं.

नळी: उजेडासमोर धरून आतले आटे स्पष्ट दिसतात का ते बघायचं. मधेच काळपट कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली असू शकते. आधीची गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी झाडली की असं होतं. असं पिस्तूल सोडून द्यावं.

मॅगझिन: कडा सरळ आहेत का, स्प्रिंग जोर धरते का. मूळ मॅगझिन नसेल तर ते कितीला मिळतं हे आधी विचारून तो खर्च किमतीत धरावा.

सेफ्टी: पिस्तूल रिकामं असताना सेफ्टी लावून चाप ओढायचा, मग सेफ्टी काढायची. त्या क्षणी घोडा पडल्याचा 'टिक' आवाज आला तर आतले भाग झिजलेले आहेत. रिकामा चाप ओढण्याआधी विक्रेत्याची परवानगी घ्यावी.

तडे: स्लाइड आणि सांगाड्यावर केसासारखी रेघ दिसते का ते भिंगातून बघायचं.

थकलेली स्प्रिंग हा मात्र किरकोळ दोष. ती स्वस्तात बदलता येते आणि भाव कमी करून घ्यायलाही उपयोगी पडते.

रेंजवर पहिला दिवस

घेतल्यावर पिस्तूल एकदा बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवणं चांगलं. रेंजवर सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावं, मग दोन. चाप एकदा ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या तर लगेच थांबावं. हा दोष जीवघेणा ठरू शकतो. आवाज दबका आला किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी जाणवला, तर नळी तपासल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवंच. .22 ची गोळी बहुतेक वेळा शिशाची असते, म्हणून घरी जाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

कायदा काय सांगतो?

'जुनं आहे, म्हणजे परवानगी लागत नाही' हा गैरसमज महागात पडतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1899 च्या आधी बनलेली शस्त्रंच 'अँटिक' म्हणून वेगळी धरली जातात. वर सांगितलेली तिन्ही पिस्तुलं त्यानंतरची आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेताना वय किमान 21 लागतं आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे नियम याहून कडक आहेत.

तिथल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायला हवी. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, काही मोजके अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू होत नाही.

भारतात हा पर्याय सामान्य माणसाला जवळपास खुला नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार .22 पिस्तुलालाही परवाना लागतो. नेमबाजी शिकायची असेल तर सुरुवात 4.5 मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाने, क्लबमध्ये आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करणं हा इथला रुळलेला मार्ग आहे.