शूर्पणखेचे नाक आणि नाशिकचे नाव

शहरांना राजांची नावे मिळतात, नद्यांची मिळतात, देवांचीही मिळतात. छाटलेल्या अवयवावरून नाव मिळालेले शहर मात्र विरळाच. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले म्हणून या गावाला नासिक म्हणू लागले, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. तपोवनात, गोदावरी आणि कपिला यांच्या संगमापाशी, ती जागाही भाविकांना दाखवली जाते. भाषेच्या अभ्यासकाला ही व्युत्पत्ती पटेलच असे नाही. नऊ शिखरांवरून हे नाव पडले असे सांगणारी दुसरी परंपरा आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ‘नासिक्य’ नगर येते. पांडवलेण्यांतील अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर नाशिककरांचा उल्लेख असलेला ब्राह्मी दानलेख आहे. मोगल अमदानीत गावाला गुलशनाबाद म्हणत, पुढे पेशवाईत जुने नाव परतले. इतके पर्याय समोर असताना लोकस्मृतीने धरून ठेवली ती नाकाचीच कथा. ती का धरून ठेवली, आणि तिच्या आधारे आपण राक्षस कोणाला म्हणत आलो, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम मूळ प्रसंग पाहू. वाल्मीकीच्या अरण्यकांडात शूर्पणखा रामासमोर येते तेव्हा कवी दोघांची रूपे जोडीजोडीने समोरासमोर मांडतो : त्याचे मुख सुंदर, तिचे कुरूप, त्याचे डोळे विशाल, तिचे वेडेवाकडे, तो तरुण, ती वृद्ध. तिचे नावही तिच्या देहावरूनच पडलेले आहे, सुपासारखी नखे असलेली ती शूर्पणखा. राम विचारतो तेव्हा ती आपण कोण, कोणाची बहीण, कशासाठी आलो, हे आडपडदा न ठेवता सांगते. उत्तरादाखल दोघे भाऊ तिची थट्टा करतात, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवतात आणि ती थट्टा तिला कळत नाही, असे कवीच नोंदवतो. ती सीतेवर धावून जाते, मग तिचे नाक-कान कापले जातात. येथे एक शब्द फार महत्त्वाचा आहे. लक्ष्मणाला आज्ञा देताना राम तिला ‘विरूप’ म्हणतो, आणि त्याच श्वासात तिला विरूप करण्यास सांगतो. जी मुळातच विरूप आहे तिला पुन्हा विरूप करण्याचे कारण काय? आमच्या मते या प्रसंगाचे मर्म या द्विरुक्तीत आहे. वर्णनाने केलेले वैरूप्य पुरेसे ठरले नाही, म्हणून त्यावर शस्त्राने शिक्का मारावा लागला. या क्षणानंतर शूर्पणखेकडे पाहणाऱ्या कोणालाही ती कोण आहे हे विचारावे लागणार नाही.

याच कांडात थोडे आधी, नवव्या सर्गात, सीतेचे एक भाषण आहे. दंडकारण्यातील ऋषींना राक्षसवधाचे वचन देऊन राम निघाला असता ती त्याला अडवते. ज्यांनी आपले काही बिघडवले नाही त्यांच्याशी वैर नसताना क्रूरपणा करणे हा कामनेतून उपजणारा दोष आहे, असे ती सांगते. सोबत एक गोष्टही सांगते. एका तपस्व्याकडे इंद्राने ठेव म्हणून खड्ग ठेवले. ते सांभाळता सांभाळता, सतत जवळ बाळगता बाळगता, त्या तपस्व्याची बुद्धी हिंसेकडे वळली. राम तिचे प्रेमाने कौतुक करतो आणि ऋषींना दिलेल्या वचनाचा आधार घेऊन पुढे जातो. म्हणजे राक्षस आणि त्याचा वध यांविषयीची शंका कोणा आधुनिक टीकाकाराने बाहेरून आणलेली नाही; ती काव्यातच, नायिकेच्या मुखी आहे. आणि नाक गमावलेली शूर्पणखा पुढे लंकेच्या दरबारात काय करते? बेसावध राजाचे काय होते, हेर नसलेले राज्य कसे बुडते, याविषयी ती रावणाला खडे बोल सुनावते. तो सर्ग राजनीतीचा पाठ म्हणून वाचता येतो. रंगभूमीवरील आणि पडद्यावरील शूर्पणखेकडून हे भाषण काढून घेतले गेले. तिच्याजवळ किंचाळी तेवढी उरली.

मराठीच्या पूर्वज भाषेत तर याहूनही जुना प्रतिवाद सापडतो. विमलसूरीचे ‘पउमचरिय’ हे रामकथेवरील जैन महाकाव्य महाराष्ट्री प्राकृताच्या जैन रूपात आहे. त्यात राक्षस हे मांसभक्षक अक्राळविक्राळ प्राणी नसून विद्याधरांचा एक वंश आहेत. रावणाला दहा तोंडे नाहीत. गळ्यातील हाराच्या नऊ रत्नांत त्याचा चेहरा प्रतिबिंबित होतो, म्हणून तो दशमुख. शूर्पणखेच्या जागी येथे चंद्रनखा आहे. तपश्चर्येला बसलेला तिचा मुलगा शंबूक लक्ष्मणाच्या हातून मारला गेला आहे, आणि त्याच्या शोधात ती अरण्यात आली आहे. सुपाऐवजी चंद्र आला, एवढ्या एका पालटाने स्त्री किती बदलते पाहा! राक्षसाचे शरीर हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे आणि सांगणाऱ्याच्या शब्दांचे काम आहे, हे विमलसूरीने त्या नऊ रत्नांच्या आरशात दाखवून ठेवले.

कथेकडून इतिहासाकडे वळावे, तर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर एक बोलका पुरावा कोरलेला आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील हा लेख गौतमीपुत्र सातकर्णीला केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या पंक्तीला बसवतो, आणि शक, यवन, पह्लवांचा संहार करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणून त्याची कीर्ती गातो. याच डोंगरात दहाव्या लेण्यात त्याच क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत गाई, गावे, विश्रामगृहे, भिक्षूंसाठी ठेवलेल्या रकमा अशा दानांची नोंद आहे. १९०६ साली जिल्ह्यातच जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्राने आपली चिन्हे ठोकलेली आहेत. जिंकलेल्या शत्रूचा चेहरा विरूप करण्याची ही राजरीत. पण उषवदाताचे शब्द दगडावर उरल्यामुळे नहपान आज आपल्याला राक्षस वाटत नाही, तो इतिहासातला एक पराभूत राजा वाटतो. शूर्पणखेला स्वतःचे लेणे मिळाले नाही.

ही कथा टिकून राहण्याचे आणखी एक कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत अब्रूचे घर नाकात आहे. घराण्याचे नाक कापले जाते, माफी मागताना नाक घासावे लागते, तिरस्काराने नाक मुरडले जाते आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. नाक कापण्याची शिक्षा ही पुराणापुरती गोष्ट नव्हती. १७९२च्या युद्धात इंग्रज फौजेकडे असलेला कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याकडे वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातील शल्यवैद्यांनी त्यापासून धडा घेतला. चेहरा हिरावून घेऊन माणसाला समाजाबाहेर काढता येते, हे ज्या समाजाला ठाऊक होते, त्याच समाजातल्या एका हाताला तो चेहरा परत कसा द्यावा हेही ठाऊक होते. शूर्पणखेच्या कथेत असा कारागीर कोणी घातला नाही.

वाङ्मयात मात्र ते काम जोतीराव फुले यांनी हाती घेतले. १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी दैत्य-राक्षसांना या भूमीचे मूळ रहिवासी मानले आणि ‘राक्षस’ शब्दात ‘रक्षक’ वाचला. ही व्युत्पत्ती अनेकांना ओढूनताणून आणलेली वाटली. परंतु रामायणाच्या उत्तरकांडातही हेच आहे : ब्रह्मदेवाने जलाच्या रक्षणासाठी प्राणी निर्मिले, त्यांतले ‘आम्ही रक्षण करू’ म्हणणारे राक्षस झाले. शिवाय बळीला पाताळात लोटणाऱ्याची पूजा करणाऱ्या याच महाराष्ट्रात, इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असे म्हणत ओवाळणाऱ्या बायका होत्याच. फुल्यांनी नवा बळी निर्माण केला नाही. घराघरांत जपलेल्या बळीला त्यांनी ग्रंथात आणले.

लोककलांनाही असुराशी नाते तोडणे मानवले नाही. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात होणाऱ्या बोहाड्यात देवांचे आणि असुरांचे मुखवटे एकाच मिरवणुकीत नाचतात. रावण आणि त्राटिका यांची सोंगे घेणारा गावातलाच माणूस असतो, आणि ते सोंग उतरले की तो पुन्हा गावातलाच माणूस होतो. कोकणच्या दशावतारात काळ्या वेषातला संकासुर प्रेक्षकांशी गप्पा मारतो. राक्षसपण हे चढवायचे आणि उतरवायचे सोंग आहे, ही जाण या कलांनी टिकवली.

चित्रपट आला तो नाशिकच्याच वाटेने. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. तेथला त्यांचा पहिला विषय राक्षसाचा होता : ‘मोहिनी भस्मासुर’. ‘हरिश्चंद्रा’त तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले. पडद्यावर स्त्रीने येणे तेव्हा लज्जास्पद मानले जाई. असुराला भुलवून त्याचा हात त्याच्याच मस्तकावर ठेवायला लावणारी मोहिनी साकारणारी मुलगी स्वतःही शिष्ट समाजाच्या कुंपणाबाहेर उभी होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९१७च्या ‘लंकादहना’त साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९च्या ‘कालियामर्दना’चा बराच भाग आज उपलब्ध आहे. त्याच्या आरंभी फाळके आपली चिमुकली कन्या मंदाकिनी हिचे चेहऱ्यावरील भाव दाखवतात, आणि मग ती कृष्ण होते. देव हा अभिनय आहे, हे त्यांनी प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले. कालियाला मात्र असा चेहरा नाही. तो बनवलेला नाग आहे, त्याच्यामागचा माणूस आपल्याला दिसत नाही.

मूकपटाने राक्षसाला शरीर दिले आणि वाचा घेतली. हे आपल्याकडेच झाले असे नाही. मेरी शेलीच्या १८१८च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला अनामिक प्राणी मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आपल्या निर्मात्याशी तर्कशुद्ध वाद घालतो. १९३१च्या जेम्स व्हेलच्या बोलपटात तो गुरगुरण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. रावणाला राजनीती शिकवणारी शूर्पणखा आणि मिल्टन वाचणारा तो प्राणी यांचे दैव सारखेच. ज्याला बोलता येते त्याला राक्षस ठरवणे अवघड जाते.

पंचवटीतच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जमलेले हजारो लोक रामाचे दर्शन मागत होते. दारे बंद झाली, रामनवमीच्या रथावरून संघर्ष पेटला आणि लढा पुढे पाच वर्षे चालला. सीमा कोठे आखायची आणि तिच्याबाहेर कोणाला ठेवायचे, हा पुराणातला प्रश्न दगडी पायऱ्यांवर उभा राहिला. त्याच वर्षी नाशिकजवळ विहितगाव येथे बाबुराव बागूल जन्मले. त्यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला निवेदक जात लपवून रेल्वेत नोकरी करतो. तोवर लोक त्याच्या विद्वत्तेचे कौतुक करतात, आणि जात कळताच तीच माणसे त्याला मारहाण करतात. चेहरा तोच, भाषा तीच, वागणे तेच. एका माहितीने तो विरूप झाला. वाल्मीकीच्या द्विरुक्तीचा इतका नेमका अर्थ दुसऱ्या कोणा मराठी लेखकाने उलगडून दाखवल्याचे आम्हांस आठवत नाही.

एखादा अमानुष गुन्हा घडला की आजही वृत्तपत्रे गुन्हेगाराला ‘राक्षस’ म्हणून मोकळी होतात. त्या शब्दाने संताप व्यक्त होतो हे खरे. पण त्याचबरोबर तो गुन्हेगार आपल्या शाळेत शिकला, आपल्या गल्लीत वाढला, त्याच्या बारीकसारीक क्रौर्याकडे आपणच काणाडोळा केला, हे सारे त्या शब्दाआड दडते. राक्षस अरण्यातून आलेला असतो. त्याचा जबाब कोणी शेजाऱ्यांकडे मागत नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांच्या हाती येथे एक छोटेसे काम आहे. वर्गात शूर्पणखेचा प्रसंग येईल तेव्हा अठराव्या सर्गाआधी नववा सर्ग वाचून घ्यावा. नाक कापले जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी सीतेचा प्रश्न ऐकलेला असावा, आणि त्या तपस्व्याच्या खड्गाची गोष्टही.