धर्मांतर आणि हृदयपरिवर्तन : पंडिता रमाबाईंच्या अनुभवाचा विचार

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रातील वाद या घटनेभोवती फिरत राहिला. रमाबाईंचे १९०७ मधील आत्मनिवेदन मात्र वेगळे सांगते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त लाभलेला नाही. पुढे संपूर्ण शरणागतीतूनच त्यांच्या मनास शांती मिळाली.

या परिवर्तनाने नेमके काय बदलले? केवळ करुणा नव्हे. विधवांसाठी शारदा सदन १८८९ मध्येच मुंबईत सुरू झाले होते. बदलले ते कार्याचे अधिष्ठान. सदनाने धार्मिक तटस्थता स्वीकारली होती. रमाबाईंची श्रद्धा उघडपणे प्रकट होऊ लागताच तिच्याविषयी शंका निर्माण झाली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून दूर झाले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे आश्रय दिला; तेथील ‘मुक्ती’ ही संस्था प्रारंभापासूनच ख्रिस्ती होती.

तात्पर्य, बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या दप्तरात सापडते. हृदयपरिवर्तनाचा पुरावा इतिहासकाराला त्यासाठी मोजलेल्या किमतीत शोधावा लागतो.