अँटेना

भिलाईच्या सेक्टरांतल्या क्वार्टरांवर आज डीटीएचच्या लहान थाळ्या दिसतात. 'अँटेना' हा शब्द मात्र मुळात दर्यावरचा. लॅटिनमध्ये तो गलबताचे शीड ताणून धरणाऱ्या आडव्या वाशाचे नाव होता. अ‍ॅरिस्टॉटलने कीटकांच्या मिशांना ग्रीकमध्ये 'शिंगे' म्हटले होते. त्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ शिडाचा वासा. म्हणून पंधराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरात मिशांना 'अँटेना' नाव पडले. बिनतारी संदेशाच्या काळात मार्कोनीच्या इटालियनमध्ये तंबूच्या मधल्या खांबालाही अँटेनाच म्हणत, आणि खांबाला बांधलेल्या तारेला तेच नाव चिकटले असे मानतात.

छत्तीसगडशी या शब्दाचे नाते जुने आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. त्यांत रायपूर भागातली गावेही होती. तिथला अँटेना म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री! खेड्यापर्यंत उपग्रह आणणारी ती साधी जाळी मला आजच्या कुठल्याही उपकरणाइतकीच थोर वाटते.

आता छतावरची थाळी नीट पाहा. ती लहरी फक्त परावर्तित करून एका बिंदूवर गोळा करते. त्या खऱ्या झेलतो तो पुढच्या दांडीवरचा एलएनबी. तोच त्यांची वारंवारिता उतरवून केबलने सेट-टॉप बॉक्सकडे धाडतो. चित्र गेले, तर थाळी हलवण्याआधी एलएनबीची जोडणी तपासून घ्या.