साडेसहा मिलीमीटर

बजाजनगरात इतिहास शिकवणं ही एक गंमतच होती. मी फळ्यावर मलिक अंबरच्या नहरी काढायचो आणि बाहेर शिफ्टचा भोंगा झाला की अख्ख्या वर्गाच्या माना खिडकीकडे वळायच्या. कुणाचा बाप सुटलेला असायचा, कुणाचा कामावर चाललेला. मी रागवायचो. आता वाटतं, पोरं खिडकीतून जे बघत होती तोही इतिहासच होता, मीच तो शिकवला नाही.

वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. अवघ्या १६ महिन्यांत तो उभा राहिला होता. त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी लहान-लहान वर्कशॉप्स आली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली आयटीआय झालेली पोरं इथे येऊन टर्नर, फिटर झाली. दिवसा कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करायचं आणि रात्री, मालकाची परवानगी असेल तर, स्वतःच्या डोक्याप्रमाणे. त्या रात्रीच्या कामांपैकी एक म्हणजे मोटरसायकलचं चेंबर बोअर करणं.

नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली, १५० आणि १८० अशा दोन रूपांत. आता थोडं गणित. (घाबरू नका, मी बीए, मलाही ते उशिराच कळलं!) १५० च्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलीमीटर आणि पिस्टनची धाव ५६.४. गुणाकार केला की १४३.९ सीसी येतात. १८० ची धाव तीच, ५६.४, फक्त व्यास ६३.५. येतात १७८.६ सीसी. पुढे पल्सर २०० आली तिचीही धाव तीच होती, व्यास ६७. व्यास वाढतो ११ टक्के, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढत असल्यामुळे इंजिन २४ टक्क्यांनी मोठं होतं. हे ज्या पोराला कळलं, त्याला रात्री झोप कशी लागणार?

पण मोठा सिलिंडर नुसता वर ठेवून भागत नाही. त्याच्या स्लीव्हचं खालचं टोक चेंबरच्या तोंडात उतरतं. तोंड लहान असेल तर ते कापून मोठं करावं लागतं. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडायचं, क्रँक आणि बेअरिंग काढायचे, चेंबरचे दोन्ही अर्धे पुन्हा एकत्र आवळायचे, लेथच्या फेसप्लेटवर बांधायचे आणि डायल लावून मध्य शोधायचा. मग बारीक-बारीक कट. बोल्टच्या भोकांच्या आणि नव्या तोंडाच्या मध्ये जी धातूची भिंत उरते, तिच्यावरच गास्केट बसतं. भिंत गेली की चेंबर भंगारात.

माझ्या मुलाची २००३ ची पल्सर होती, १५०. २००९ च्या दिवाळीत पुण्याहून आला आणि हट्टच धरून बसला. माझा एक जुना विद्यार्थी इथल्याच एका शेडमध्ये टर्नर होता. इतिहासात मी त्याला दोनदा नापास केलेलं. त्याच्याकडे गेलो.

"सर, दोन दिवस लागतील," तो म्हणाला.

"अरे, याला परवा जायचंय. उद्या सकाळपर्यंत नाही का होणार?"

सरांना नाही कसं म्हणणार? "करतो सर," म्हणाला. मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम असले फेरफार करू देत नाही, नोंदणीपुस्तकात सीसी लिहिलेले असतात, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. नागरिकशास्त्राचा शिक्षक मी. मी मान डोलावली आणि घरी येऊन झोपलो.

पहाटे गेलो तेव्हा तो बाकड्यावर बसला होता. फेसप्लेट आणि चेंबर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा एक कीस अडकला होता. नखाएवढा. चेंबर किंचित तिरकं बांधलं गेलं आणि तोंड एका बाजूला सरकून कापलं गेलं. सिलिंडरची जागा दोन डॉवेल ठरवतात, ती काही हलत नाही. स्लीव्ह एका बाजूला अडकायला लागली म्हणून त्याने तिथे आणखी कापलं, आणि तिथली भिंत पापडासारखी झाली. रात्रभर जागलेल्या माणसाचे डोळे कसे असतात, ते मी नीट पाहिले नाहीत.

मुलगा बसने पुण्याला गेला. जुनं चेंबर शोधून, आणून, मूळ १५० चंच इंजिन बांधून त्या पोराने आठ दिवसांत गाडी दारात लावली. चेंबरचे पैसे त्यानेच भरले होते. मी देऊ केले तर घेईना. तेव्हा मीही फार आग्रह केला नाही, हे इथे लिहून ठेवतो. निवृत्तीला जेमतेम वर्ष झालं होतं, हात आखडता होता, पण ते काही खरं कारण नव्हे. कीस त्याच्या हातून राहिला हे मला सोयीचं होतं. "सकाळपर्यंत" हा शब्द माझा होता.

पुढे काही वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नात ती रक्कम आहेराच्या पाकिटात घातली. त्याने मोजली असेलच, टर्नर आहे. काही बोलला मात्र नाही.

बिघडलेलं चेंबर माझ्या टेबलावर आहे. परवा कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली. एका बाजूची भिंत पाच मिलीमीटर, दुसऱ्या बाजूची दीडसुद्धा नाही.