रेडिओचीं बटणें

मुंबईचें नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालें. त्याचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉट शक्तीचा. जळगांवानजीकच्या पिंप्राळ्यासारख्या गांवीं तो आवाज दिवसा पोहोंचणें दुरापास्तच. रात्रीं मात्र मध्यम लहरी आकाशांतील विद्युद्भारित थरावरून परावृत्त होऊन दूरवर जात, आणि ज्याच्यापाशीं यंत्र व उंच एरियल असे, त्याच्या कानीं चार शब्द पडूं शकत. खानदेशांतील श्रोत्याला ऐकण्यापेक्षां शोधणेंच अधिक करावें लागे.

आरंभींच्या कित्येक यंत्रांना स्टेशन लावण्यासाठीं दोन-तीन बटणें असत, आणि तीं एकमेकांशीं जुळल्याखेरीज कांहींच ऐकूं येत नसे. आवाज वाढविण्याचें एक निराळें बटण कांहीं यंत्रांस असे; तें अंमळ जास्त फिरलें कीं यंत्र शिटी घाली, आणि ती शेजाऱ्याच्या यंत्रांतही ऐकूं जाई. पुढें सुपरहेटरोडाइन यंत्रें आलीं आणि स्टेशन लावणें एका बटणावर आलें. डावें बटण आवाजाचें; तेंच पहिल्या टिचकीसरशीं यंत्र सुरू करी, पण व्हाल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावें लागे. एक बटण लहरींचा पट्टा बदलण्याचें. कांहीं यंत्रांना हिरवा 'डोळा' असे. स्टेशन अचूक लागलें कीं त्यांतील सावली मिटत जाई. तंबोऱ्याची खुंटी पिळणाऱ्याला हें काम चटकन् साधलें असेल.

मुंबईचा 10 किलोवॉटचा लघुलहरींचा प्रक्षेपक 1938 मध्यें सुरू झाला आणि दूरच्या श्रोत्याची सोय झाली. परंतु लघुलहरींवर स्टेशनें इतकीं दाटीनें बसलेलीं कीं काटा केसभर सरकला तरी लंडन जाऊन भलतेंच कांहीं लागावें.

या नाजुकपणाची खरी कसोटी ऑगस्ट 1942 मध्यें लागली. मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याची जागा 42.34 मीटर, म्हणजे तबकडीवरील 41 मीटरच्या खुणेच्या किंचित् पलीकडे. यंत्रावर त्याचें नांव अर्थातच छापलेलें नव्हतें. प्रक्षेपणाची जागा पोलिसांच्या भीतीनें वारंवार बदले. ऐकणाऱ्याला एका हातानें काटा तसूतसूनें सरकवावा लागे, आणि दुसऱ्या हातानें आवाज इतका खालीं ठेवावा लागे कीं तो ओसरीपलीकडे जाऊं नये. वर्तमानपत्रांवर निर्बंध असतां चळवळीची वार्ता मिळविण्याचें तें एक साधन होतें. 12 नोव्हेंबर 1942 रोजीं पोलिसांनीं छापा घातला आणि त्या ठिकाणीं खरखर तेवढी उरली. उषाबाईंना पुढें चार वर्षांची शिक्षा झाली.

ट्रान्झिस्टर आल्यावर एरियलची तार गेली. मध्यम लहरींसाठीं पेटीच्या आंत फेराइटची कांडी असे, आणि ती स्टेशनाच्या रोखानें आडवी झाली तरच आवाज भरे. त्यामुळें बटण जागच्या जागीं ठेवून सगळी पेटीच फिरवावी लागे. ही युक्ति कोणत्याही माहितीपत्रकापेक्षां सरावानेंच कळे.

जळगांवचें आकाशवाणी केंद्र 1976 मध्यें सुरू झालें. पुढें त्याची जागा 963 किलोहर्ट्झ, सुमारें 311 मीटर अशी होती. जुन्या यंत्रांच्या कांचेवर मुंबई, दिल्ली हीं नांवें छापलेलीं असत. जळगांवचें कोठून असणार? तें स्टेशन ज्याचें त्यानें हुडकावयाचें. मात्र पिंप्राळ्याच्या श्रोत्याला त्यासाठीं रात्र होण्याची वाट पाहावी लागली नाहीं.